ओसाकायामाचा बोगदा: परदेशी शिकलेले अभियंते आणि रेल्वेविद्येचा प्रवास

जून 1863 च्या अखेरीस योकोहामा बंदरातून एक ब्रिटिश जहाज शांघायकडे निघाले. त्यावर पाच जपानी तरुण लपून बसले होते. सामुराईची ओळख असलेली शेंडी त्यांनी कापून टाकली होती आणि अंगात कुठून तरी मिळवलेले ढगळ युरोपीय कपडे घातले होते. परवानगीवाचून देश सोडणाऱ्याला त्या काळच्या जपानमध्ये देहान्ताची शिक्षा होती. हे पाचही जण चोशू संस्थानचे, म्हणजे परकीयांचा सर्वात कडवा द्वेष करणाऱ्या मुलखातले. त्याच आठवड्यात त्यांच्या संस्थानाच्या तोफांनी शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत परदेशी जहाजांवर मारा सुरू केला होता. पाचांपैकी तिघांनी तर पाचच महिन्यांपूर्वी एदो (आजचे टोकियो) येथील ब्रिटिश वकिलातीची नवी इमारत जाळण्यात भाग घेतला होता. आता तेच लंडनला निघाले होते, शिकायला. त्यांच्या प्रवासाची सोय केली होती जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीने.

या पाचांना पुढे 'चोशूचे पाच' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांतला इतो हिरोबुमी जपानचा पहिला पंतप्रधान झाला, इनोउए काओरू परराष्ट्रमंत्री झाला, एंदो किन्सुकेने टांकसाळ सांभाळली, यामाओ योझोने अभियांत्रिकी शिक्षणाची घडी बसवली. पाचवा होता नोमुरा याकिची. दत्तक गेलेल्या घराचे हे नाव त्याने पुढे सोडले आणि मूळ घराण्याकडे परतून तो इनोउए मासारू झाला. इतोइतकी कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. पण जपानमध्ये त्याला 'रेल्वेचा जनक' म्हणतात, आणि आजच्या व्याख्यानाचा मुख्य नायक तोच आहे.

एखाद्या देशात रेल्वे येते म्हणजे नेमके काय येते, हा या व्याख्यानाचा प्रश्न आहे. रूळ, इंजिने, पुलांचे लोखंडी गाळे जहाजात भरून आणता येतात. ती जोडून देणारे कारागीरही पगार मोजून आणता येतात. पण एखादा डोंगर कुठून फोडायचा, वळण किती ठेवायचे, कंत्राटदाराने दिलेल्या आकड्यात फुगवटा कुठे आहे, हे ज्याला कळते असा आपला माणूस जोपर्यंत निर्णयाच्या खुर्चीत बसत नाही, तोपर्यंत ती रेल्वे त्या देशात असते, त्या देशाची नसते. परदेशी शिकून आलेल्या अभियंत्यांमुळे काही देशांत हा बदल झपाट्याने झाला, काही ठिकाणी तो शंभर वर्षे रखडला. फरक विद्यार्थ्यांच्या हुशारीत नव्हता. परतल्यावर त्यांच्या हाती काय दिले गेले, यात होता, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे. ते तपासण्यासाठी जपान, चीन आणि आपला भोर घाट अशा तीन ठिकाणी जावे लागेल.

त्याआधी एक गोष्ट. शिकायला इंग्लंडला जाणे ही केवळ आशियाची गरज होती असे कोणी समजू नये. 1828 साली डेलावेअर अँड हडसन या अमेरिकन कालवा कंपनीने होरेशिओ ॲलन या तरुण अभियंत्याला इंग्लंडला पाठवले. त्याने तिथे चार इंजिने ठरवली. त्यांतले 'स्टूरब्रिज लायन' 8 ऑगस्ट 1829 रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या होन्सडेल गावी रुळावर चढले. इंजिनाचे वजन ठरल्यापेक्षा खूपच जास्त, सात टनांच्या आसपास भरले होते आणि रूळ होते लाकडाचे, वरून लोखंडी पट्टी ठोकलेले. पूल कोसळेल म्हणून कोणी बरोबर बसायला धजेना. ॲलन एकटाच चढला, स्वतः हाकून गेला आणि सुखरूप परत आला. तरी त्या रुळांवर ते इंजिन रोज चालवणे अशक्य होते आणि ते तसेच पडून राहिले. इंग्लंडमधले इंजिन अमेरिकेच्या रुळाला पेलत नाही, हे त्या एका फेरीत कळले.

1828 मध्येच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनेही आपले अभियंते इंग्लंडला धाडले. त्यांत जॉर्ज वॉशिंग्टन व्हिस्लर होता, पुढे गाजलेल्या चित्रकार व्हिस्लरचा बाप. दहा-अकरा वर्षांनी रशियाचे मेल्निकोव्ह आणि क्राफ्ट हे दोघे अमेरिकेत रेल्वे पाहायला आले, आणि 1842 साली झारने व्हिस्लरलाच सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को मार्गाचा सल्लागार म्हणून बोलावून घेतले. इंग्लंडमध्ये शिकलेले अमेरिकेत मुरले आणि तिथून रशियात पोहोचले. 1849 मध्ये व्हिस्लर पीटर्सबर्गलाच पटकीने वारला, मार्ग 1851 मध्ये सुरू झाला. विद्यार्थी होऊन गेलेला देश एका पिढीत गुरू होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता लंडनला परत जाऊ. पाच जण 1863 च्या नोव्हेंबरात पोहोचले. युनिव्हर्सिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर विल्यमसन यांनी त्यांना आधार दिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे तेव्हा इंग्लंडच्या चर्चला न मानणाऱ्यांना पुरती उघडी नव्हती. युनिव्हर्सिटी कॉलेजात धर्माची अट नव्हती, म्हणून तर हे शिक्षण शक्य झाले. आणि जागा कशी, तर गोवर स्ट्रीट. तिथून पाच-दहा मिनिटांवर युस्टन स्थानक, बर्मिंगहॅमच्या गाड्या सुटत ते. शिवाय त्याच वर्षी जानेवारीत जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये सुरू झाली होती आणि तिचे एक स्थानक कॉलेजच्या कोपऱ्यावरच होते. वाफेचे इंजिन रस्त्याखालच्या बोगद्यातून धूर सोडत जाते, वर घोडागाड्या चालतात, आणि रोज हजारो माणसे तिकीट काढून त्या धुरात उतरतात. ज्या देशात तोवर सार्वजनिक वाहतुकीसाठी एक फूटही रूळ नव्हता, तिथून आलेल्या विशीच्या तरुणाला हे रोज वर्गात जाता-येता दिसत होते.

इतो आणि इनोउए काओरू फार थांबले नाहीत. चार पाश्चात्त्य सत्ता शिमोनोसेकीवर चालून जाणार हे कळताच, आपल्या संस्थानाला समजवायला ते 1864 मध्ये घाईने परतले. यामाओ ग्लासगोला गेला. तिथे तो दिवसा नेपियरच्या जहाज कारखान्यात काम करी आणि संध्याकाळी अँडरसन कॉलेजच्या वर्गांत बसे. नोमुरा मात्र लंडनमध्ये पाच वर्षे टिकून राहिला. खाणकाम आणि रेल्वे हे त्याने विषय धरले आणि वर्गातल्या अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष कामही पाहिले. 1868 च्या अखेरीस तो परतला तेव्हा शोगुनचे राज्य कोसळले होते आणि सम्राट मेइजीच्या नावाने नवे सरकार बसले होते. देश सोडला म्हणून ज्याचे मुंडके उडायचे, त्याला आता बोलावून नोकरी मिळाली.

1869 साली रेल्वेबद्दल ब्रिटिश वकील हॅरी पार्क्सशी बोलणी झाली, तेव्हा दुभाषा म्हणून तोच बसला होता. हा तपशील लहान वाटतो, पण प्रस्तुत वक्त्याला तो फार मोलाचा वाटतो. रेल्वेची भाषा जाणणारा माणूस दुभाषा असला की समोरच्याला वाटेल ते खपवता येत नाही. तरी पहिल्याच व्यवहारात जपानला फटका बसलाच. होरेशिओ नेल्सन ले नावाच्या इंग्रज गृहस्थाने जपान सरकारशी 12 टक्क्यांनी कर्जाचा करार केला आणि लंडनच्या बाजारात तेच रोखे 9 टक्क्यांनी विकायला काढले. मधले तीन टक्के कोणाच्या खिशात जाणार, हे उघड होते. प्रकरण उजेडात येताच जपानने करार मोडला आणि काम ओरिएंटल बँकेकडे दिले.

मुख्य अभियंता म्हणून एडमंड मोरेल आला. वयाने तिशीच्या आतला हा इंग्रज नेकीचा होता. इंग्लंडहून लोखंडी स्लीपर मागवायचे ठरले होते, त्याने सांगितले की या देशात चांगले लाकूड असताना परदेशी लोखंड कशाला? लाकडी स्लीपर घातले गेले आणि मोठी बचत झाली. जपानी तरुणांना शिकवण्याची संस्था काढा, असे सरकारला सांगणाराही तोच. क्षयाने 1871 मध्ये तो वारला आणि पहिली गाडी त्याने पाहिली नाही. परदेशी तज्ज्ञ म्हटला की तो लुबाडायलाच आलेला असतो, असे मानणाऱ्यांनी मोरेलची आठवण ठेवावी.

शिंबाशी ते योकोहामा हा 29 किलोमीटरचा मार्ग 14 ऑक्टोबर 1872 रोजी सम्राटाच्या उपस्थितीत सुरू झाला. लष्करी खात्याने ताकानावाजवळची आपली जागा मोजायलाही दिली नाही, म्हणून तिथला तुकडा थेट समुद्रात दगडी बांध घालून त्यावरून नेला. टोकियोच्या पुनर्विकासात 2019 साली हा बांध जमिनीखाली सापडला. उथळ समुद्रात बांधलेली ती दगडी भिंत जपानी गवंड्यांच्या पिढीजात कसबाची होती. पण इंजिने ब्रिटिश, ड्रायव्हर ब्रिटिश, वेळापत्रक आखणारे ब्रिटिश. रेल्वेत शंभरावर परदेशी माणसे कामाला होती. त्यांचे संचालक विल्यम कारगिल यांचा महिन्याचा पगार 2000 येन होता. देशाच्या सर्वोच्च मंत्र्याला 800 येन मिळत.

हे फार काळ परवडणारे नव्हते, आणि 1871 पासून रेल्वे खात्याचा प्रमुख असलेल्या इनोउएला ते मान्यही नव्हते. त्याने 1877 मध्ये ओसाका स्थानकाच्या इमारतीतच एक वर्ग सुरू केला. रेल्वेतच काम करणारी, थोडे इंग्रजी आणि गणित येणारी मुले निवडली. विषय होते गणित, मोजणी, नकाशे काढणे, यामिकी, स्थापत्य, यंत्रांची तोंडओळख आणि रेल्वे वाहतूक. शिकवायला शेर्व्हिंटन हा इंग्रज अभियंता होता, बरोबर जपानी सहकारी होते. पाच-सहा वर्षांत दोन डझन मुले तिथून बाहेर पडली. आजच्या हिशेबात ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण खाली स्थानकावर गाडी येते-जाते आणि वर वर्गात तिच्या रुळाचे वळण कसे काढायचे ते शिकवले जाते, अशी शाळा तेव्हाच्या आशियात बहुधा दुसरी नव्हती.

या वर्गाची परीक्षा लगेच झाली. क्योतोहून बिवा सरोवराकाठच्या ओत्सूपर्यंत रूळ न्यायचे होते आणि मध्ये ओसाकायामा डोंगर आडवा होता. लांबी 18 किलोमीटर, चढ 40 फुटांमागे 1 फूट आणि डोंगरातून 665 मीटरचा बोगदा. परदेशी अभियंत्यांचा प्रत्यक्ष कामात हात न घेता हे काम करायचे, असे इनोउएने ठरवले. जपानमध्ये तोवर डोंगरातून रेल्वेचा बोगदा कोणी जपानी माणसाने खोदलेला नव्हता. खात्यातल्या ब्रिटिश मंडळींना हे धाडस वाटले. इनोउएने काम तुकड्यांत वाटले, प्रत्येक तुकड्यावर ओसाकाच्या वर्गातली मुले नेमली आणि खोदायला इकुनोच्या चांदीच्या खाणीतले खाणकामगार आणले.

हा निर्णय जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये इनोउए खाणकाम शिकला होता, त्यामुळे बोगदा म्हणजे आडवी खाणच, हे त्याला दिसत होते. आणि इकुनोचे कामगार पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी-हातोड्याने कातळ फोडत आले होते. त्यांना फक्त दिशा आणि पातळी कोणी तरी बिनचूक सांगायला हवी होती. ती सांगायला वर्गात मोजणी शिकलेली पोरे होती. म्हणजे लंडनचे ज्ञान, ओसाकाचा वर्ग आणि इकुनोचा हात असे तिन्ही एका बोगद्यात आले. इनोउए स्वतः साध्या कामगाराच्या वेशात कामावर हजर असे. 1878 मध्ये सुरू झालेले काम 1880 मध्ये संपले आणि त्या जुलैत ओत्सूपर्यंत गाडी धावली. बाहेरून पाहता हा एक छोटासा बोगदा. 1921 मध्ये मार्ग बदलल्यावर तो बंदही पडला. पण जपानची रेल्वे जपानची झाली ती पहिल्या गाडीच्या दिवशी नव्हे, आठ वर्षांनी या डोंगराच्या पोटात, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या चारच वर्षांत त्यांनी 1352 मीटरचा यानागासे बोगदा पुरा केला, आणि 1889 मध्ये टोकियो ते कोबे हा सलग मार्ग झाला.

दरम्यान यामाओचे झाडही वाढत होते. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी त्याने ग्लासगोहून हेन्री डायरला आणवले. प्राचार्य झाला तेव्हा डायर पंचविशीत होता. 1879 च्या पहिल्या तुकडीतली निवडक मुले पुढच्या वर्षी ब्रिटनला गेली. त्यांच्यात मिनामी कियोशी होता, तो पुढे रेल्वेत गाजला, आणि तात्सुनो किंगो होता, टोकियो स्थानकाची लाल विटांची इमारत त्याची.

एकाच देशाकडून शिकायचे, असा हट्ट जपानने धरला नाही. होक्काइदो बेटावरची पहिली रेल्वे अमेरिकन धर्तीची, 1880 मधली. क्युशू बेटावर जर्मन अभियंता रुमशोट्टेल. उसुई घाटात 15 मीटरला 1 मीटर असा भयानक चढ होता, साध्या चाकांनी तो चढणे शक्य नव्हते. जर्मनीत गेलेल्या जपानी अभियंत्यांनी हार्झ पर्वतातली दातेरी रुळांची गाडी पाहिली आणि तीच पद्धत घरी सुचवली. उसुईचे काम पाहणारा होन्मा एइइचिरो अमेरिकेत एमआयटीमध्ये 1874 साली पदवी घेऊन आला होता. म्हणजे अमेरिकेत शिकलेला अभियंता, जर्मन पद्धत आणि जपानी मजूर. सव्वीस बोगद्यांचा तो घाट 1893 मध्ये खुला झाला.

त्याच वर्षी कोबेच्या कारखान्यात जपानमध्ये बनलेले पहिले इंजिन बाहेर पडले. देखरेख रिचर्ड फ्रान्सिस ट्रेव्हिथिकची होती, वाफेचे पहिले रेल्वे इंजिन बनवणाऱ्या ट्रेव्हिथिकचा हा नातू. आणखी वीस वर्षांत, जर्मनीत अभ्यास केलेल्या शिमा यासुजिरोच्या हाताखाली जपानने स्वतःच्या आराखड्याची इंजिने काढली. याच शिमाचा मुलगा हिदेओ 1964 च्या शिंकान्सेन या वेगवान रेल्वेचा मुख्य अभियंता. रुंद रुळांचा आग्रह बापाने धरला होता, तो मुलाच्या हातून पुरा झाला.

इनोउए 1893 मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडला आणि 1896 मध्ये त्याने ओसाकात इंजिने बनवणारी कंपनी काढली. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आपल्या रुळांखाली किती सुपीक शेते गेली, याची त्याला खंत होती. म्हणून 1891 मध्ये त्याने ओनो आणि इवासाकी या दोघांबरोबर उत्तरेकडच्या माळरानावर एक मोठी शेती उभी केली. तिघांच्या आडनावांवरून तिचे नाव पडले कोइवाई. ती आजही चालू आहे आणि तिथले लोणी-दूध जपानमध्ये प्रसिद्ध आहे. भूसंपादनाच्या नोटिसा आजही आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत वादाचा विषय आहेत. रेल्वे खात्याच्या प्रमुखाने अशी भरपाई अंगावर घेतल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत वक्त्याला ठाऊक नाही. 1910 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना इनोउए लंडनलाच वारला.

आता चीन. ज्या जार्डिन मॅथेसनने पाच जणांना लंडनला पोहोचवले, त्याच पेढीच्या पुढाकाराने 1876 मध्ये शांघाय ते वूसुंग ही चीनमधली पहिली रेल्वे उभी राहिली. सरकारची रीतसर परवानगी नव्हती. चिनी सरकारने 1877 मध्ये पैसे मोजून ती विकत घेतली आणि उखडून टाकली. हा निव्वळ अडाणीपणा होता असे नेहमी सांगितले जाते. प्रस्तुत वक्त्याला तसे वाटत नाही. दुसऱ्याने आपल्या जमिनीवर न विचारता घातलेला रूळ उखडणे समजण्यासारखे आहे. खरी चूक त्यानंतर चार वर्षांनी झाली.

येलचे पदवीधर युंग विंग यांच्या खटपटीने 1872 पासून चिनी सरकारने 120 मुले अमेरिकेत शिकायला पाठवली. पहिल्याच तुकडीत ग्वांगदोंगचा बारा वर्षांच्या आतला झान तियानयोऊ होता. मूल परदेशी दगावले तर सरकारला जबाबदार धरणार नाही, असे बापाने लिहून दिले होते. ही मुले कनेक्टिकटमधल्या घरांत राहिली, बेसबॉल खेळली, काहींनी वेण्या लपवल्या, काही ख्रिस्ती झाली. घरी बातम्या गेल्या आणि 1881 मध्ये सरकारने सगळी मोहीमच गुंडाळली. बहुतेकांचे शिक्षण अर्धवट राहिले. झानने त्याच वर्षी येलच्या शेफील्ड शाळेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पुरी केली होती, अशा दोघांपैकी तो एक.

आणि परतल्यावर या रेल्वे शिकलेल्या पदवीधराला फूचौला जहाज चालवायला शिकण्यास पाठवले. पुढे तो इंग्रजी शिकवत बसला. सात वर्षे अशी गेली. इनोउए परतल्यावर तीन वर्षांत खात्याचा प्रमुख झाला होता. झानला 1888 मध्ये एका जुन्या सहाध्यायाच्या ओळखीने तियानजिनच्या रेल्वे कंपनीत इंग्रज अभियंत्याच्या हाताखाली जागा मिळाली. लुआन नदीच्या पुलाचे पाये परदेशी कंत्राटदारांना जमेनात, ते त्याने हवेच्या दाबाचे केसन वापरून घातले. तरीही वरची खुर्ची मिळायला आणखी दहा वर्षे गेली, आणि तीसुद्धा परक्यांच्या भांडणामुळे मिळाली. बीजिंग ते झांगजियाकोऊ मार्गावर रशिया आणि ब्रिटन दोघांचाही डोळा होता, एक दुसऱ्याला करू देईना. शेवटी तोडगा निघाला की चीनने स्वतःच्या पैशाने, परदेशी अभियंत्यांवाचून हा मार्ग करावा. चिनी माणसाला हे जमणार नाही, याची दोघांनाही खात्री होती.

झानने 1905 मध्ये काम हाती घेतले. बीजिंगच्या उत्तरेला चिनी भिंत ज्या डोंगरावरून जाते तिथेच चढ सर्वात कठीण, सुमारे 30 मीटरला 1 मीटर. बादालिंगचा बोगदा 1091 मीटरचा. दोन्ही तोंडांनी खोदत बसलो तर वेळ फार जाईल, म्हणून त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली उभी विहीर पाडली आणि आतून दोन्ही बाजूंना आणखी खोदकाम सुरू केले. चिंगलोंगचियाओ येथे गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे त्याने रूळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे टाकले. गाडी एका बाजूने चढत टोकाला जाते, थांबते आणि मग उलट दिशेने दुसऱ्या बाजूने आणखी वर चढते. पुढे-मागे दोन्हीकडे इंजिने जोडलेली. सुमारे 200 किलोमीटरचा हा मार्ग मुदतीच्या आधी आणि अंदाजापेक्षा कमी खर्चात पुरा होऊन ऑक्टोबर 1909 मध्ये खुला झाला. झानने पुढे चिनी अभियंत्यांची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि अभियांत्रिकीचा इंग्रजी-चिनी शब्दकोश तयार केला.

उलट दिशेने चढणारी ही गाडी मराठी श्रोत्यांना ओळखीची वाटायला हवी. तीच युक्ती चीनच्या जवळपास अर्धशतक आधी आपल्या भोर घाटात वापरली गेली होती. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन आखले. पंधरा मैलांहून थोड्या जास्त अंतरात 1,831 फूट चढ, पंचवीस बोगदे आणि सर्वात कठीण जागी 37 फुटांमागे 1 फूट. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर होते आणि पटकीने त्यांतले किती तरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येताच वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. 1863 मध्ये घाट खुला झाला, चोशूचे पाच ज्या वर्षी लंडनला निघाले त्याच वर्षी. 1929 पर्यंत गाड्या त्या टोकाला थांबून उलट्या फिरत. कर्जतला आजही मागे बँकर इंजिने लागतात, ती त्याच चढासाठी.

म्हणजे बोगद्यांचा आणि घाटाचा अनुभव आपल्याकडे जपानच्या कितीतरी आधी होता. शिक्षणही अगदीच नव्हते असे नाही. रुडकीचे महाविद्यालय 1847 मधले आणि पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग 1854 मधला, म्हणजे पहिल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर पुढच्याच वर्षी सुरू झालेला. मग काय कमी पडले? रेल्वे कंपन्यांच्या पाच टक्के नफ्याची हमी सरकारने, म्हणजे इथल्या करदात्याने, घेतलेली होती. संचालक मंडळे लंडनला बसत. इंजिन कुठून घ्यायचे आणि अभियंता कोणाला नेमायचे, हे तिथे ठरे. भारतात काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी इंग्लंडमध्येच कूपर्स हिल येथे वेगळे महाविद्यालय काढले गेले, ते 1906 पर्यंत चालले. रुडकी-पुण्याची हुशार मुले बांधकाम खात्यात आणि कालव्यांवर गेली. पुण्याचे पदवीधर विश्वेश्वरय्या हे त्यांतले सर्वात मोठे नाव. ते 1898 मध्ये जपानला जाऊन आले आणि तिथली शाळा-कारखान्यांची घडी पाहून त्यांच्या मनात जी तुलना सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही.

इथे मुले समुद्र ओलांडून गेली की प्रायश्चित्ताचे वाद होत, हे खरे. पण जपानमध्ये तर देहान्ताची शिक्षा होती. धर्माची आडकाठी रेल्वेच्या बाबतीत मुख्य नव्हती. जो शिकून आला असता त्याला बसायला खुर्चीच ठेवलेली नव्हती. परिणाम आकड्यांत दिसतो. स्वातंत्र्यापर्यंत ब्रिटनहून हजारो इंजिने आली आणि जमालपूर-अजमेरच्या कारखान्यांत बनलेली सातशेच्या घरात. कारागीर तेच, जमालपूरने 1899 मध्ये इंजिन बनवून दाखवलेही होते. चित्तरंजनच्या कारखान्याचे पहिले इंजिन 1950 मध्ये निघाले. पहिल्या गाडीपासून देशातल्या पहिल्या इंजिनापर्यंत जपानला 21 वर्षे लागली. आपल्याकडे जमालपूर-अजमेरची थोडी इंजिने निघाली, पण देशाची गरज भागवील असा स्वतःचा कारखाना उभा राहायला 97 वर्षे जावी लागली.

आज हा विषय जुना राहिलेला नाही. मुंबई-अहमदाबाद हा 508 किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्ग जपानी तंत्राने होतो आहे. खडीविना काँक्रीटच्या पट्ट्यांवर रूळ बसवण्याची जपानी पद्धत शिकवायला जपानी तज्ज्ञ गुजरातेत आले, आपले अभियंते जपानला जाऊन आले. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत 21 किलोमीटरचा बोगदा खणला जातो आहे, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. या कामावर घडणारे अभियंते संख्येने ओसाकाच्या त्या दोन डझन मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. ते पुढच्या मार्गाचे आराखडे स्वतः काढणार, की पुन्हा जपानकडूनच मागवणार, हे त्यांच्या बदल्या कुठे होतात आणि त्यांना कोणत्या कामावर बसवले जाते यावर ठरेल. जहाज चालवायला पाठवलेल्या झानची सात वर्षे कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पुणे, मुंबई आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या अभियंत्यांनी प्रत्यक्ष कामाच्या नकाशांवरून शिकवायला हवे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही समजेल अशा भाषेत. ओसाकाचा वर्ग पहिल्या गाडीनंतर पाच वर्षांत भरला होता. आपला वर्ग कुठे भरवायचा, शिकवणार कोण आणि त्यासाठी त्यांना कामावरून किती महिने मोकळे करायचे, हे मुंबईचा बोगदा पुरा होण्याआधीच ठरायला हवे.